कोलिस्टिन: कोंबड्यांना दिलेलं अँटिबायोटिक माणसांना महाग कसं पडतं?

इतर औषधं निष्प्रभ ठरल्यावर डॉक्टर जे अँटिबायोटिक शेवटचा पर्याय म्हणून वापरतात, तेच कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात मिसळलं जात होतं. त्याचं नाव कोलिस्टिन. 2019 मध्ये भारताने या वापरावर बंदी घातली. ती का घालावी लागली?

कोलिस्टिन इतकं महत्त्वाचं का?

हे औषध 1950 च्या दशकापासून वापरात आहे. मूत्रपिंडांवर दुष्परिणाम होतात म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं. पण क्लेबसिएलासारखे जीवाणू बाकीच्या औषधांना दाद देईनासे झाले आणि आयसीयूतल्या रुग्णांसाठी कोलिस्टिन पुन्हा बाहेर काढावं लागलं.

पोल्ट्री शेडमध्ये काय घडतं?

एका शेडमध्ये हजारो कोंबड्या दाटीने राहतात. त्यांना रोज थोडं थोडं अँटिबायोटिक दिलं, की कमजोर जीवाणू मरतात आणि चिवट जीवाणू उरतात. स्पर्धाच संपल्याने त्यांची संख्या झपाट्याने वाढते. मग विष्ठा, सांडपाणी, शेतात टाकलेलं कोंबडी खत आणि कच्चं मांस यांतून ते बाहेर पडतात.

हा गुण पसरतो कसा?

2015 मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी 'एमसीआर-1' या जीनची माहिती जाहीर केली. डुकरं, कच्चं मांस आणि रुग्ण, तिन्हींमधल्या ई. कोलाय जीवाणूंमध्ये तो सापडला. हा जीन जीवाणूच्या बाह्य आवरणात बदल घडवतो, त्यामुळे कोलिस्टिनला तिथे नीट चिकटता येत नाही.

खरी चिंता वेगळीच होती. हा जीन प्लाझमिडवर होता. प्लाझमिड म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळं असलेलं डीएनएचं छोटं कडं. दोन जीवाणू एकमेकांना जोडले गेले, की त्याची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, तीही वेगळ्या प्रजातीच्या जीवाणूकडे. म्हणजे कोंबडीच्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय माणसाच्या पोटात पोहोचला, तर तिथल्या घातक जीवाणूला हा जीन देऊ शकतो. एकाच प्लाझमिडवर अनेक औषधांना रोखणारे जीन असू शकतात. त्यामुळे दुसरं एखादं अँटिबायोटिक वापरलं, तरी 'एमसीआर-1' टिकून राहतो.

बंदीने काय साधलं?

चीनने 2017 मध्ये पशुखाद्यातला कोलिस्टिनचा वापर थांबवला. त्यानंतरच्या पाहण्यांमध्ये तिथल्या डुकरांत आणि कोंबड्यांत 'एमसीआर-1'चं प्रमाण बरंच घटल्याचं दिसलं. मात्र तो नाहीसा झाला नाही. भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै 2019 मध्ये पोल्ट्री, मत्स्यपालन, खाण्यासाठी पाळले जाणारे प्राणी आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं. माणसांच्या उपचारासाठी ते सुरूच आहे.

मग चिकन खायचं की नाही?

नीट शिजवलेल्या चिकनमधले जीवाणू मरतात. जास्त धोका कच्च्या चिकनला हात लावताना असतो. ते नळाखाली धुतल्याने शिंतोडे ओट्यावर उडतात, म्हणून धुणं टाळा. चिकन कापलेली सुरी आणि बोर्ड साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीसाठी वापरू नका. हातही साबणाने धुवा.

आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. शेडमध्ये जे घडतं, तेच आपल्या पोटातही घडू शकतं.