युरिकेजची कुळकथा

मांडव्याच्या किनाऱ्यावर बांगडा आणि तारली हे नेहमीचं खाणं. पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला, रात्री त्यावर पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, तर डॉक्टर आधी हेच मासे कमी करायला सांगतात. त्यांत प्युरिनं भरपूर असतात. ती मोडली की माणसाच्या शरीरात शेवटी यूरिक आम्ल उरतं. हे आम्ल मोडणारं विकर माशांच्या यकृतात असतं, खाणाऱ्याच्या यकृतात मात्र नसतं.

या विकराचं नाव युरिकेज. त्याचं कुळ फार जुनं आहे: जिवाणू, बुरशी, वनस्पती, प्राणी, सगळीकडे त्याचे वंशज सापडतात. कोकणात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर घेतलेल्या चवळीच्या मुळांवरच्या गाठींतही ते राबत असतं. हवेतला नायट्रोजन ॲलँटॉइनच्या रूपाने पानांपर्यंत पोचतो, तो याच विकराच्या वाटेने. हिवाळ्यात लाँचमागे उडणाऱ्या कुरव पक्ष्यांकडे मात्र ते नाही. त्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे मुख्यतः यूरिक आम्लच.

हे आम्ल स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७७६ साली मूतखड्यातून वेगळं केलं. ते मोडणाऱ्या विकराची घडण दिसायला १९९७ उजाडलं. फ्रान्समधल्या संशोधकांनी ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीतल्या युरिकेजचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याचा आराखडा काढला. प्रत्येकी ३०१ अमिनो आम्लांच्या चार सारख्या साखळ्या एकत्र येतात आणि त्यांच्या मधून आरपार बोगदा तयार होतो. काम करण्याच्या जागा चार, आणि प्रत्येक जागा दोन साखळ्यांच्या सांध्यावर. म्हणून सुटी साखळी निरुपयोगी ठरते.

खरा चमत्कार पुढे आहे. ऑक्सिजन वापरणाऱ्या बहुतेक विकरांना लोह, तांबं किंवा जीवनसत्त्वापासून बनलेला मदतनीस लागतो; युरिकेजला यांतलं काहीच लागत नाही. आर्जिनिन आणि ग्लुटामिन यूरिक आम्लाच्या रेणूला चिमट्यासारखं धरून ठेवतात. शेजारचे थ्रिओनिन आणि लायसिन प्रोटॉनची देवघेव सांभाळतात. असा धरलेला रेणू स्वतःच ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, मग पाण्याचा रेणू येऊन जोडला जातो. हाती येतात हायड्रॉक्सिआयसोयुरेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. आणखी दोन विकरं पहिल्याचं ॲलँटॉइन करतात. ते पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे सांध्यात त्याचे खडे बसत नाहीत. पेरॉक्साइड मात्र जहाल. उंदराच्या यकृतपेशीत युरिकेज ज्या इवल्या पिशवीत राहतं, तिथेच ते मोडणारं कॅटलेजही असतं.

माणसाने हे विकर गमावलं ते सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी, वानरांच्या वंशात. जनुक आजही आपल्या पहिल्या गुणसूत्रावर आहे, पण त्यात मध्येच 'थांबा' असा संकेत घुसला आहे. ३३ व्या स्थानावरचा संकेत चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यातही आहे. गिबनांच्या वंशात ते जनुक वेगळ्याच बिघाडाने बंद पडलं. २०१४ मध्ये प्राचीन युरिकेज प्रयोगशाळेत पुन्हा घडवून पाहिलं, तेव्हा ते पूर्ण बंद पडण्याआधीच पिढ्यान्‌पिढ्या मंदावत गेलं होतं, असं दिसलं. हे नुकसान आपल्या पूर्वजांच्या पथ्यावर का पडलं असावं, यावर चरबीचा साठा, रक्तदाब, पेशींचं संरक्षण असे बरेच तर्क आहेत. एकही सिद्ध झालेला नाही.

गेलेलं विकर औषध म्हणून परत आलं. भुईमुगात अफ्लाटॉक्सिन हे विष सोडणाऱ्या त्याच बुरशीचं जनुक यीस्टमध्ये घालून रासब्युरिकेज तयार होतं. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगावर उपचार सुरू होताच असंख्य पेशी एकदम फुटतात आणि यूरिक आम्लाने मूत्रपिंडं तुंबण्याचा धोका उभा राहतो, तेव्हा ते शिरेतून देतात. पण शरीरात जी-६-पीडी हे विकर कमी असेल, तर औषधातून निघणाऱ्या पेरॉक्साइडने तांबड्या पेशी फुटतात. मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता तुलनेने जास्त आढळते. घरात कुणाला ती असेल, तर हे औषध घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.