वर्गाबाहेरची विद्या : एल्फिन्स्टन विद्यालयातील शास्त्र व कला-उपक्रम (१८४८–१८६७)

माध्यमिक शाळांतील कला व शास्त्रविषयक उपक्रमांना ‘अभ्यासेतर’ म्हणण्याचा प्रघात आहे. मुख्य अभ्यास वर्गात होतो आणि उरलेल्या वेळात उत्साही विद्यार्थी निबंधवाचन, चित्रकला, प्रयोग, प्रदर्शने यांत रमतात, असे या शब्दात गृहीत धरलेले असते. या गृहीतकाला इतिहासाचा आधार कितपत आहे, हे पाहण्यास मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयाचे उदाहरण विशेष उपयोगी पडते. महाराष्ट्रातील आधुनिक विद्येचे हे आद्य केंद्र होय. १८५६ पर्यंत शाळा आणि महाविद्यालय हे दोन्ही विभाग त्यात एकत्र नांदत होते. त्या वर्षी त्यांची फारकत होऊन एल्फिन्स्टन हायस्कूल स्वतंत्र झाले.

या विद्यालयात गणित, पदार्थविज्ञान व ज्योतिष हे विषय आरंभापासून शिकविले जात. बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये तेथे साहाय्यक प्राध्यापक झाले. परंतु वरच्या वर्गांतील अध्यापनाची भाषा इंग्रजी होती. ग्रहणाची उपपत्ती विद्यार्थी इंग्रजीत समजून घेई, इंग्रजीतच उत्तर देई. घरी परतल्यावर ती सांगण्यास त्याच्यापाशी भाषा नसे. बाळशास्त्र्यांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. पण तो एका विद्वानाचा यत्न होता, विद्यार्थ्यांचा नव्हे.

१८४७–४८ मध्ये हा प्रश्न सरकारी शिक्षण मंडळातच उपस्थित झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कौल इंग्रजीच्या बाजूने होता. उलटपक्षी, पाश्चात्त्य विद्या सर्वसामान्य जनांपर्यंत पोहोचावयाची तर ती देशी भाषांतूनच दिली पाहिजे, असा आग्रह कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी धरला. वादाचे मूळ भाषेच्या सामर्थ्यासंबंधीच्या शंकेत होते. शास्त्रीय विचाराचा भार मराठीला पेलेल काय, हा तो प्रश्न.

वाद चालू असतानाच, १८४८ च्या जून महिन्यात, विद्यालयात विद्यार्थ्यांची एक सभा स्थापन झाली. ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ हे तिचे नाव आणि प्रा. पॅटन हे पहिले अध्यक्ष. वाङ्मय आणि शास्त्र यांची एकाच नावात घातलेली सांगड लक्षात घेण्याजोगी आहे. सभेचा कार्यक्रम साधा होता : सभासदाने निबंध लिहावा, तो सभेत वाचावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी. त्याच वर्षी मराठी व गुजराती भाषकांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या आणि मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे आले.

ही निवड अर्थपूर्ण आहे. दादोबांचा लौकिक मुख्यतः वैयाकरण म्हणून. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेले होते. शास्त्रीय ज्ञानाच्या प्रसारासाठी भरणाऱ्या सभेच्या अग्रस्थानी व्याकरणकार असावा, यात त्या काळी कोणालाही विसंगती वाटली नसावी. कारण सभेपुढील खरी अडचण भाषेची होती. शास्त्रीय गद्यास पारिभाषिक संज्ञा लागतात, पण तेवढ्याने भागत नाही. कार्यकारणाचा संबंध नेमका दाखविणारी वाक्यरचना, जे पाहिले ते आणि जे अनुमानिले ते वेगळे ठेवणारी क्रियापदे, वाचकाला पायरीपायरीने नेणारा क्रम, हे सर्व घडावे लागते. आणि ते कोशात घडत नाही, ऐकणाऱ्यांसमोर बोलताना घडते. वर्गात चुकीची शिक्षा गुणांनी होई. सभेत श्रोत्यांना अर्थ न कळणे हीच शिक्षा. शाखेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक १८५० मध्ये सुरू झाले व १८६७ पर्यंत चालले. मंडळातील वादाला मिळालेले हे कृतिरूप उत्तर म्हणावयास हरकत नाही.

सभेतील निबंध कागदावरच राहिले नाहीत, याचेही एक ठळक उदाहरण आहे. बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, तेव्हा केवळ बोलून न थांबता कृती करा, असे पॅटन यांनी विद्यार्थ्यांना बजावले. परिणामी १८४९ मध्ये सभेने मुलींच्या मराठी व गुजराती शाळा उघडल्या आणि सभासद तेथे विनावेतन शिकवू लागले. दादाभाई नौरोजी त्यांपैकीच एक. इंग्रजीत मिळविलेले ज्ञान लहान मुलीला तिच्या भाषेत सांगावयाचे, याहून कठोर परीक्षा कोणती?

कलेच्या क्षेत्रातही विद्यालयात याच सुमारास हालचाल झाली. १८५५ मध्ये तेथे छायाचित्रणाचा वर्ग निघाला. कॅमेऱ्याचे तंत्र युरोपात जाहीर होऊन तेव्हा सोळाच वर्षे लोटली होती. काचेवर रसायनाचा लेप देणे, प्रकाशाचा अवधी मोजणे आणि चित्राची मांडणी साधणे ही तिन्ही कामे एकाच हाताने करावी लागत. त्यामुळे हा वर्ग कलेचा की शास्त्राचा, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. येथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील नामवंत छायाचित्रकार झाले. १८५७ च्या मार्च महिन्यात सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचा पहिला चित्रकलेचा वर्गही एल्फिन्स्टनच्या आश्रयानेच भरला.

याच १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली. यानंतर चित्र पालटू लागले. चित्रकलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. शास्त्र परीक्षेच्या अभ्यासक्रमात गेले. पदवी-परीक्षांत देशी भाषांची जागा अभिजात भाषांनी घेतली. मराठीला ते स्थान परत मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना प्रदीर्घ खटपट करावी लागली. प्रत्येक विषयाला आपापले घर मिळाले, हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु विद्यार्थ्याने स्वतः पाहावे, स्वतः करावे आणि आपल्या भाषेत इतरांना सांगावे, ही जी एकसंध क्रिया शाळेत चालत होती, तिला परीक्षेच्या व्यवस्थेत घर उरले नाही. तिला ‘अभ्यासेतर’ ठरविणारी दृष्टी या व्यवस्थेतूनच आली. ‘ज्ञानप्रसारक’ बंद पडण्याची इतर कारणेही असू शकतील. तथापि त्याचा अस्त आणि परीक्षेचा उदय एकाच दशकातील आहेत, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

पुढे १९५२–५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने अशा उपक्रमांना शालेय जीवनाचे अविभाज्य अंग मानले आणि ललित कला व विज्ञान यांना विविधोद्देशी शाळांच्या योजनेत स्थान दिले. तो विचार स्वागतार्ह होता. पण तो नवा मात्र नव्हता. शतकापूर्वी एल्फिन्स्टनमधील विद्यार्थ्यांनी तो आचरून दाखविला होता. आज शाळेत विज्ञान-प्रदर्शन भरते, तेव्हा प्रतिकृतीशेजारी उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेली वाक्ये म्हणतो, की समोरच्याला कळेल अशा आपल्या शब्दांत ती उलगडून सांगतो, यावरूनच त्या उपक्रमाचे मोल ठरते. १८४८ च्या सभेने हाच निकष लावला होता. मराठी शास्त्रीय गद्याचा पाया घालण्यात वर्गातील धड्यांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वाटा वर्गाबाहेरच्या त्या बैठकींचा आहे. आणि म्हणूनच शिक्षणाच्या इतिहासात त्यांची नोंद परिशिष्टात न होता मुख्य प्रकरणात झाली पाहिजे.