आदल्या दिवसाची हजेरी



आपल्या जालना जिल्ह्यात कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर ज्या बाया राबल्या, त्यांना हे सांगायला नको. सकाळी पराग लावायचा, पण त्या आधी आदल्या संध्याकाळी कळ्या सोलून पुंकेसर काढावे लागतात. संध्याकाळ चुकली की सकाळ वाया. सिनेमा-टीव्हीच्या कॅमेऱ्यामागं काम करणाऱ्यांचीही अशीच एक आदली संध्याकाळ असते. तिचा पैसा कुणी द्यायचा, हा वाद फार जुना आहे. आज त्याचीच गोष्ट.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांच्या घरापासून करू. १९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणवला. सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कोरी फिल्म भोकांशिवाय यायची आणि भोकं नसली तर ती कॅमेऱ्यात पुढं सरकत नसे. ही भोकं कोण पाडायचं? त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. अंधाऱ्या खोलीत, एकेक फूट फिल्म हातानं चाचपत. फिल्म धुण्याचं कामही त्या शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही उरकायच्या. पैसा कमी पडला तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसाठी लागला. कॅमेरा चालवला त्रिंबक तेलंग यांनी. त्यांना ते काम फाळक्यांनीच शिकवलं होतं. तारामती झाले अण्णा साळुंके. ते हॉटेलात महिना दहा रुपयांवर होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. म्हणजे पडद्यावरच्या तारामतीचा पगार आजही सांगता येतो. पण फिल्मला भोकं पाडणाऱ्या बाईचा रोज किती? घरच्या बाईला हजेरी कोण लावतो! तयारीचं काम फुकटात जायला माझ्या मते तिथूनच सुरुवात झाली.

आता फिल्मला भोकं पाडावी लागत नाहीत, तयारी मात्र वाढली. शूटिंगच्या आधी कॅमेरा भाड्यानं देणाऱ्याकडं जायचं. प्रत्येक लेन्स लावून बघायची, फोकस नेमका येतो का ते तपासायचं, बॅटऱ्या भरायच्या, कार्डावर चित्र नीट उतरतं का ते पाहायचं, पेट्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. शिवाय जागा पाहून यायची, ऊन कुठून येतं ते ठरवायचं. मुंबईतले लोक याला 'प्रेप' म्हणतात. एक लेन्स बिघडलेली निघाली तर दुसऱ्या दिवशी सगळं युनिट हात बांधून बसतं आणि बोल लागतो कॅमेरावाल्यालाच. अमेरिकेत कॅमेरावाल्यांची 'लोकल ६००' नावाची संघटना आहे. तिच्या करारांत तयारीचा दिवस हा कामाचाच दिवस, पगारी.

आपल्याकडं १९८१ साली सिने-कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. लेखी करार केल्याशिवाय कुणाला कामाला लावायचं नाही, असं त्यात होतं. पण तो कथापटांपुरता होता, टीव्ही मालिकावाले बाहेरच राहिले. २०२० च्या कामगार संहितेत मालिका, जाहिराती, वेब मालिका असं सगळं 'दृकश्राव्य' कामात धरलं गेलं. मधल्या काळात, १ ऑक्टोबर २००८ ला, मुंबईत सिने-कामगारांच्या फेडरेशननं काम बंद पाडलं. थकलेले पैसे आणि कामाचे तास हे त्यातले मोठे मुद्दे. छायाचित्रकारांची संघटनाही याच फेडरेशनमधली.

संघटना म्हणजे सगळं सरळच असतं असंही नाही बरं का. मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेनं बायांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच नाकारलं होतं. २०१४ साली चारू खुराना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मोडीत काढला.

तर कायद्यानं कागद हवा म्हटलं, पण कागदावर काय लिहायचं ते घासाघीस करूनच ठरतं. नुसतं 'शूटिंग चार दिवस' लिहिलं की पाचवा दिवस गेलाच. म्हणून जाणते कॅमेरावाले आधी विचारतात : गुत्तं आहे की रोजावर? गुत्तं असेल तर तयारी, प्रवास आणि सामान परत करण्याचा दिवस त्यात धरूनच आकडा सांगतात. रोजावर असेल तर तयारीच्या दिवसाचा रोज वेगळा मागतात. पूर्ण नाही मिळाला तर निदान अर्धा.

आपल्या बचत गटांतल्या काही मुली आता लग्नं, ग्रामसभा, कंपनीचे शेतकरी मेळावे कॅमेऱ्यात धरायला लागल्यात. समोरचा म्हणणारच, "ताई, बॅटरी चार्ज करायचे कसले पैसे?" त्याच्याशी भांडत बसू नका. काय काय करावं लागतं ते मोजून सांगा, आणि इसार घेतानाच मोबाईलवर एवढी ओळ पाठवून त्याचा होकार घ्या : 'शूटिंग १ दिवस, तयारी अर्धा दिवस, दोन्हीचे पैसे वेगळे.' मांडव सुटल्यावर ही ओळ कुणी वाचत नाही.