दहा फुटांची तार

मागच्या लेखानंतर एकाने विचारलं, "हौशी लोक घरातून रेडिओ स्टेशन चालवायचे म्हणता, मग त्यांना कोणी पकडत कसं नव्हतं?" प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी 1938 सालच्या अमेरिकेत जावं लागेल.

तेव्हा तिथे एक नवीन खेळणं आलं होतं. ग्रामोफोनला जोडायचा इवलासा ट्रान्समीटर. तबकडी एका खोलीत वाजते आणि दुसऱ्या खोलीतल्या रेडिओवर ऐकू येते, मध्ये वायर नाही. त्याच सुमारास फिलको कंपनीने बिनतारी रिमोटचा रेडिओ बाजारात आणला. आता प्रत्येक ग्रामोफोनला परवाना द्यायचा का? तिथल्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, त्याच वर्षी सूट दिली. लहरलांबीला दोन पायने भागून येणाऱ्या अंतरावर लहरीची तीव्रता मीटरला 15 मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त नसेल तर परवाना नको. 1000 किलोहर्ट्झला हे अंतर येतं साधारण 157 फूट. थोडक्यात, शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत.

नियम शास्त्रशुद्ध होता, पण पाळणार कसा? 15 मायक्रोव्होल्ट मोजायचं यंत्र कुठल्या पोराकडे असणार? पुढे 1950च्या दशकात मीडियम वेव्हसाठी दुसरा पर्याय आला: शेवटच्या टप्प्याला 100 मिलिवॅटपर्यंत वीज आणि जास्तीत जास्त दहा फूट तार. हा नियम टेपने आणि साध्या मीटरने तपासता येतो. माझ्या मते हौशी प्रक्षेपणाच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा बदल आहे. (नियमात आजही लिहिलंय की फिलामेंटची वीज यात धरू नये. व्हॉल्व्ह केव्हाच गेले, ओळ राहिली!)

आता या दहा फुटांत काय होतं ते बघा. 1000 किलोहर्ट्झची लहर 300 मीटर लांब असते. तिच्यापुढे तीन मीटरची तार म्हणजे शंभरावा भाग. अशा तारेचा प्रक्षेपण-रोध, म्हणजे हवेत जाणाऱ्या शक्तीचा हिशेब ज्यावर करतात तो आकडा, जेमतेम 0.04 ओहम भरतो. कॉइल आणि जमिनीतला तोटा मात्र 20 ओहम सहज होतो. म्हणजे 100 मिलिवॅट घातले तरी बाहेर पडतात फार तर 0.2 मिलिवॅट. बाकी सगळं कॉइल आणि माती तापवण्यात जातं.

म्हणून हौशी लोकांची सगळी अक्कल तारेच्या लांबीवर नाही, तोट्यावर खर्च झाली. जाड तांब्याची मोठी कॉइल, तारेच्या टोकाला धातूची टोपी, पायथ्याशी जमिनीत चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या तारा. शिवाय पट्ट्याच्या वरच्या टोकाची फ्रिक्वेन्सी पकडायची. प्रक्षेपण-रोध फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 530 ऐवजी 1700 किलोहर्ट्झवर गेलं की दहापट फरक पडतो, तोही फुकटात.

पण खरी मेख आहे अर्थिंगमध्ये. नियमाप्रमाणे ॲन्टेना, तिला जोडणारी केबल आणि अर्थिंगची तार मिळून दहा फूट, म्हणजे हल्लीच्या भाषेत तीन मीटर. ट्रान्समीटर गच्चीवर ठेवला की अर्थिंगची तार खाली जमिनीपर्यंत येणार. ती तारही प्रक्षेपण करते, आणि चांगलंच करते! "ती ॲन्टेना नाही, सुरक्षेसाठीचं अर्थिंग आहे," असा युक्तिवाद हौशी लोक करत आले. निरीक्षकाला तो पटेलच असं नाही. मला विचाराल तर भौतिकशास्त्र निरीक्षकाच्या बाजूचं आहे.

घुमण्याचीही तीच कथा. अनेकांना आपल्याच स्टेशनवर घूंऽऽ असा आवाज ऐकू यायचा, आणि तो फक्त त्यांच्याच फ्रिक्वेन्सीवर. कारण लहर घरातल्या वायरिंगमध्ये शिरते, एखाद्या रेक्टिफायरपाशी विजेच्या लयीत चिरली जाते आणि परत बाहेर पडते. उपाय सोपा आहे: वीजपुरवठ्याच्या वायरवर फेराइटचं कडं, आवाजाच्या वायरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायरवर कपॅसिटर. घुमणं थांबतं. आणि कधीकधी स्टेशनचा पल्लाही अर्ध्यावर येतो! कारण इतके दिवस घरभरचं वायरिंगच ॲन्टेना म्हणून काम करत होतं. दहा फुटांची तार नुसती शोभेला होती.

हे वायरिंग मुद्दाम वापरणारेही होते. 1936 साली ब्राउन विद्यापीठातल्या जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांना तारांनी जोडून कॅम्पसपुरतं रेडिओ जाळं उभं केलं. त्यातून निघालेल्या कॅरियर करंट पद्धतीत लहर इमारतीच्या विजेच्या तारांवरच सोडतात. भिंतीपलीकडे थोडंच ऐकू येतं आणि वाटेतला ट्रान्सफॉर्मर लहर अडवतो, म्हणून इमारतीगणिक वेगळी जोडणी लागते. 1940 साली या दोघांनी कॉलेज रेडिओंची संघटनाही काढली. कित्येक निवेदकांचा आवाज पहिल्यांदा असाच शेजारच्या खोलीत पोचला.

(आणि हो, हे वाचून गच्चीवर तार ताणू नका. ही सूट अमेरिकेतली आहे. आपल्याकडे प्रक्षेपणाला परवाना लागतो.)

पुढच्या लेखात 2000 सालचं 100 वॅट एफएमचं भांडण. तिथे मोठ्या स्टेशनांनी "आमच्यात खरखर येईल" म्हणून संसदेत धाव घेतली होती.