मुसी नदीचा महापूर

थंड देशांतील नद्यांना मोठे पूर येतात ते बहुधा हिवाळा सरताना. बर्फाच्या लाद्या पुलांपाशी व वळणांवर अडकतात, त्यांचा बांध होतो, मागे पाणी तुंबते; आणि तो बांध फुटला म्हणजे शहरे बुडतात. सन १८३८ च्या मार्चमध्ये डॅन्यूब नदीने पेस्ट शहराची अशीच दशा केली. दख्खनच्या पठारावर बर्फ कोठले? परंतु अडलेले पाणी एकाएकी सुटले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे हैदराबादेने सन १९०८ मध्ये पाहिले. आज छत्रपती संभाजीनगर हे नाव धारण करणारे औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यातील एका सुभ्याचे ठाणे होते. साहजिकच राजधानीवरील हे संकट मराठवाड्याला परके नव्हते.

मुसी अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते व पुढे कृष्णेस मिळते. तिच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले लहानमोठे ७८८ तलाव होते. मातीचे बांध घालून पाणी अडवावे, एकाचा सांडवा खालच्या तलावात सोडावा, अशी ही तेलंगणातील जुनी व शहाणी रीत. वर्षानुवर्षे तिने शेते पिकविली. तथापि ज्या साखळीने पाणी जपले, तीच साखळी तुटली तेव्हा घातक ठरली. सप्टेंबरच्या अखेरीस शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच व ४८ तासांत १८.९ इंच पाऊस कोसळला. वरचा तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्यावर आदळे. अशा रीतीने २२१ तलाव फुटले.

२८ सप्टेंबर, सोमवार. त्या दिवशी नदी शहरात शिरली. अफझल पूल, मुसल्लमजंग पूल व चादरघाटचा पूल वाहून गेले; सन १५७८ चा कुतुबशाही पुराणा पूल तेवढा दोन्ही तीरांना जोडून राहिला. अफझलगंजचे इस्पितळ उद्ध्वस्त झाले. त्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसे वाचली, असे सांगतात. मृतांची संख्या सामान्यतः १५,००० च्या घरात सांगितली जाते. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी या पुरात गेली. ते एकटे उरले. आकड्यांपेक्षा ही एकच हकीकत त्या दिवसाचे रूप अधिक स्पष्ट दाखविते.

निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीची पूजा करून तिला शांत केले, अशी एक आख्यायिका आहे. ती गोड आहे. पण त्यांनी निराश्रितांसाठी आपले वाडे उघडले, ही गोष्ट तिच्याहून मोठी मानावी लागेल. आणि त्याहून दूरदृष्टीची गोष्ट ही, की पूर ओसरल्यावर त्यांच्या सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले.

विश्वेश्वरय्या जन्माने म्हैसूरकर. परंतु स्थापत्यविद्या ते पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सन १८८४ पासून राबले, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीच स्वयंचलित दारे बसविली. ते नुकतेच सेवेतून बाहेर पडून युरोपचा प्रवास करीत होते. हैदराबादेस येऊन त्यांनी प्रथम पाऊस, तलाव व पाण्याच्या खुणा यांचे मोजमाप केले. पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला सुमारे ४,२५,००० घनफूट ठरला. शहरात भिंती कितीही उंच घातल्या तरी एवढे पाणी मावणार नाही, ते शहराच्या वरच अडविले पाहिजे, हे त्यांच्या योजनेचे सूत्र होते. मुसीवर उस्मानसागर सन १९२० मध्ये, व तिला मिळणाऱ्या ईसीवर हिमायतसागर सन १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुराचे पाणी थोपवून हळूहळू सोडणे हे त्यांचे मूळ काम. शहरास पिण्याचे पाणी मिळाले ते त्याच योजनेतून.

महबूब अली खान ही कामे पाहावयास राहिले नाहीत. सन १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे अफझलगंजच्या जुन्या इस्पितळाच्या जागी उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उठली, पण तिच्या आवारातील ते चिंचेचे झाड मात्र तोडले गेले नाही.