हंगामातली सायकल

महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला १९५० साली झाली. पुढं कृष्णा-वारणेच्या काठानंही कारखाने निघाले. स्वातंत्र्यानंतरच्या त्याच काळात देशी सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासला टी. आय. सायकल्स १९४९ साली, सोनिपतची ॲटलस १९५१ साली आणि लुधियानाची हिरो १९५६ साली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. आमच्या भागात तो रोज दिसायचा. कारखाना उसाच्या रानात, कामगार चार-पाच कोसांवरच्या गावांत, आणि रात्रीच्या पाळीला एसटी नाही. कामगाराला गेटपर्यंत नेणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सायकल.

गळीत हंगाम थंडीचा. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटायचा, दिवाळीच्या आगेमागे मोळी पडायची आणि ऊन तापलं की पट्टा पडायचा. आमचे आण्णा हंगामी कामगार. पाळ्या तीन, पहाटे चार, दुपारी बारा आणि रात्री आठ. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला, आणि पगार तर वर्षातून पाच-सहा महिनेच. घरची जमीन जिरायत. बी-बियाणं, सोसायटीचा हप्ता आणि आमची वह्या-पुस्तकं या पगारावर चालायची.

थंडीत सायकलीचे हाल व्हायचे. रात्रभर स्टँडमध्ये दव पडायचं, त्यात चिमणीतली काजळी मिसळून काळा चिखल व्हायचा. वाटेत बैलगाड्यांचा फुफाटा, आणि ऊस भिजवलेल्या रानातून पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं असायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी ऊन अंगणात आलं की आण्णा पोतं अंथरून सायकल उलटी ठेवायचे.

रॉकेल रेशनचं, त्यामुळं करवंटीभरच मिळायचं. जुन्या धोतराच्या चिंधीनं आधी चेन पुसायची, मग त्याच चिंधीनं हब आणि तारा. फ्रीव्हीलमधलं ग्रीस गारठ्यानं घट्ट झालं की आतले खटके चिकटायचे. पायडल नुसतं फिरायचं, चाक जागचं हलायचं नाही. तिथं रॉकेल सोडून, चाक फिरवून घाण काढायची आणि शिलाई मशीनचं पातळ तेल घालायचं. खोबरेल चालत नसे, कारण थंडीत ते थिजतं. रिमला राखही लावायची नाही. त्यानं चकाकी जाऊन लोखंड गंजतं. कोरड्या फडक्यानं पुसायची.

ब्रेकचं काम आण्णा कुणावर सोडत नसत. दवानं रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरतात. त्यात तेलाचं बोट लागलं तर विचारूच नका. एका हंगामात शेजारच्या वाडीचा एक कामगार पहाटेच्या अंधारात उतारावर ब्रेक न लागून उसाच्या गाडीवर आदळला. खांद्याचं हाड मोडलं. उरलेला हंगाम तो घरी बसला, आणि त्याच्या पोराची शाळा त्याच साली सुटली. तेव्हापासून आण्णा मला बजावायचे, "चेनला तेल पाज, पर रिमला दावू बी नगंस."

खंडेनवमीला पूर्वी नांगर, कोयता, खुरपं पुजलं जायचं. माझ्या लहानपणी त्यांच्या शेजारी सायकल आली. धुऊन-पुसून, हँडलला झेंडूची माळ घालून ती उभी असायची. शेतकऱ्याच्या घरात पूजेला बसलेलं ते पहिलंच कारखानी अवजार असावं. पुढं लुना आली, मग मोटारसायकली, आणि त्या जागेवर त्या बसल्या.

आमची विहीर १९७८ साली झाली. तिच्या कर्जाचे हप्ते सात हंगाम आण्णांच्या पगारातून गेले. आज त्या विहिरीवर तीन एकर ऊस उभा आहे. सोसायटीच्या वहीत कर्ज आहे, फेड आहे, तारखा आहेत. ते सगळे हप्ते आले दवातून, त्या सायकलीवरून.