महागडे हेडफोन : किंमत आणि गुणवत्तेचे गणित

बाजारात काहीशे रुपयांपासून अर्ध्या लाखाहून अधिक किमतीपर्यंतचे हेडफोन उपलब्ध आहेत. अ‍ॅपल कंपनीने २०२० च्या अखेरीस ‘एअरपॉड्स मॅक्स’ सादर केला, तेव्हा भारतात त्याची किंमत ५९,९०० रुपये होती. एवढी रक्कम मोजल्यावर त्या प्रमाणात सरस आवाज मिळतो का, असा प्रश्न ग्राहकांपुढे उभा राहतो.

ध्वनीपुरते पाहिल्यास किंमत ही दर्जाची हमी नाही. माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू शकतो. या पट्ट्यातील खालचे, मधले आणि वरचे स्वर हेडफोन कोणत्या प्रमाणात पोहोचवतो, यावर आवाजाचा समतोल मुख्यत्वे ठरतो. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. हा समतोल आणि विक्रीची किंमत यांच्यात त्याला कोणताही संबंध आढळला नाही. सोनी कंपनीचा १९९१ मधील ‘एमडीआर-७५०६’ हा तुलनेने स्वस्त हेडफोन ध्वनिमुद्रण कक्षांत दशकानुदशके वापरला गेला, हे या संदर्भात उल्लेखनीय आहे.

जादा पैसे कशासाठी?

महागड्या हेडफोनमध्ये प्रामुख्याने सोयींचे मोल द्यावे लागते. त्यांत बाहेरचा गोंगाट कमी करणारे तंत्र अग्रभागी आहे. सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि हेडफोन त्याच्या नेमकी उलट ध्वनिलहर निर्माण करून तो क्षीण करतो. भारतीय वंशाचे अमेरिकी अभियंते अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये सामान्य ग्राहकांसाठी असे हेडफोन बाजारात आणले. विमान वा रेल्वेची सलग घरघर या तंत्राने चांगली दबते. माणसांच्या बोलण्यावर त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो.

याखेरीज कानांवरील मऊ गाद्या, हलकी बांधणी आणि नाममुद्रेची प्रतिष्ठा यांचाही किमतीत वाटा असतो. २००८ मध्ये बाजारात आलेल्या ‘बीट्स’ हेडफोनची कंपनी अ‍ॅपलने २०१४ मध्ये ३ अब्ज डॉलरना विकत घेतली. नाममुद्रेचे मोल त्यावरून ध्यानात यावे.

आरोग्य आणि टिकाऊपणा

गोंगाट कमी झाल्यास गाणे मोठ्याने लावावे लागत नाही, हा लाभ महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. मात्र हेडफोन महाग असला, तरी मोठ्या आवाजाने होणारी हानी टळत नाही.

बिनतारी हेडफोनची बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि अनेकदा ती बदलणे अवघड असते. तारेचा हेडफोन मात्र तार व गाद्या बदलून दीर्घकाळ वापरता येतो.

खरेदीपूर्वी परिचयाचे गाणे दोन्ही हेडफोनवर सारख्याच आवाजात ऐकावे, कारण किंचित मोठा आवाजही कानाला अधिक चांगला भासतो. नित्य प्रवास करणाऱ्यांना गोंगाट कमी करणाऱ्या हेडफोनवरील खर्च सार्थ वाटू शकेल. शांत घरात ऐकणाऱ्यांना मध्यम किमतीचा, तारेचा चांगला हेडफोन पुरेसा ठरतो.